अँब्युलन्स सोडल्यावर घरी राहिलेली बॅग: एका ईएमटीचं प्रकरण

ज्याच्याबद्दल लिहितेय तो मुंबईत खाजगी अँब्युलन्सवर ईएमटी होता, म्हणजे हॉस्पिटलपर्यंत पेशंटला सांभाळणारा तंत्रज्ञ, सात-आठ वर्षं केली त्याने, वय पस्तिशीच्या आत, घरात बायको, पहिलीतली लेक आणि आई. पीटीएसडीचं, म्हणजे भयंकर प्रसंगांचा मनावर आघात होऊन जडणाऱ्या आजाराचं निदान झालं, नोकरी सोडली, आणि मग स्वतःच्या पैशाने घेतलेलं कामाचं सामान विकायला काढलं. प्रकरण एवढंच. पण या विकण्याच्या भोवती जे काही झालं ते मी आता माझ्या बॅचेसना सांगते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. त्याची परवानगी आहे, लिहिलेलं त्याने आणि त्याच्या बायकोने दोघांनी वाचलंय, ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात आणि नाव तर देणारच नाहीये. मी ईएमटी लोकांना ट्रेनिंग देते, तो माझ्या जुन्या बॅचचा, म्हणून मला मॅडम म्हणतो आणि त्याची बायकोही मॅडमच म्हणते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कामाचं सामान विकणं हे या आजारातून बाहेर यायचं पाऊल असू शकतं आणि तेच आजाराचं लक्षणही असू शकतं, बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. विकावं की ठेवावं यावर घरचे आणि मित्र भांडत बसतात, पण खरा फरक कधी विकलं, कसं विकलं आणि गिऱ्हाइकाशी बोललं कोण यात पडतो.

बॅगेत काय होतं

लोकांना वाटतं अँब्युलन्समधलं सगळं कंपनीचं. तसं नसतं. आपल्याकडे २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, त्या गाडीत डॉक्टर आणि पायलट म्हणजे ड्रायव्हर असे दोघं असतात, पण खाजगी गाडीत बऱ्याचदा मागे पेशंटसोबत एकटा ईएमटी, आणि गाडीतलं सामान तीन शिफ्टची माणसं वापरणार, मग ऑक्सीमीटरचे सेल उतरलेले, कात्री कोणी प्लास्टर कापून बोथट केलेली, टॉर्च गायब. ज्याला काम नीट करायचं असतं तो हळूहळू स्वतःचं घेतो. याने पहिल्या वर्षीच लिटमनचा स्टेथोस्कोप घेतला होता, हप्त्यावर, आणि चेस्टपीसवर स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. मग डायलवाला बीपी, बोटाचा ऑक्सीमीटर, ट्रॉमा शीअर म्हणजे ती वाकड्या तोंडाची कात्री जी जीन्स, बेल्ट, रेनकोट सगळं कापते, पेनटॉर्च, कपाळावर लावायचा हेडलॅम्प, तोंडाने श्वास देताना लावायचा पॉकेट मास्क, एक ओरिजिनल कॅट टूर्निकेट म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, पुढे स्टील असलेले बूट, आणि हे सगळं मावणारी लाल सॅक. पगाराच्या मानाने हा खर्च छोटा नाही. शिवाय नोकरी सोडताना कंपनी आयकार्ड आणि युनिफॉर्म मागून घेते, ही बॅग मात्र घरी येते. तिचं काय करायचं हे कोणीच सांगत नाही.

आणि घर म्हणजे मुंबईतलं घर. एसआरएच्या म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये २६९ चौरस फूट. डोळ्याआड ठेवायचं म्हटलं तरी ठेवणार कुठे? माळ्यावर ठेवली तर पंख्याखाली आडवं झालं की समोर लाल सॅकचा कोपरा, पलंगाखाली ठेवली तर लेक ओढून बाहेर काढते. ही अडचण कुठल्याच पुस्तकात मला वाचायला मिळाली नाही पण या प्रकरणात ती फार मोठी होती.

आजार

त्याला एक कुठली तरी भयंकर केस झाली आणि तो कोसळला असं नाही. मी त्याला विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, एक अशी आठवतच नाही. सगळ्या एकदम आठवतात." रुळावरच्या केसेस होत्या, हायवेवरच्या होत्या, २०२१ च्या एप्रिल-मेमधल्या त्या फेऱ्या होत्या जेव्हा पेशंट गाडीत, सिलेंडरचा काटा खाली येतोय आणि वॉर्डच्या वॉररूमकडून बेडचा फोन यायची वाट बघत गाडी रस्त्याच्या कडेला उभी. त्यानंतरही दोन-अडीच वर्षं त्याने काम केलं. लहान मुलांची एक केस झाली त्यानंतर झोप गेली, ती केस मी इथे सांगणार नाही, त्याची गरज नाही.

पीटीएसडीबद्दल आपल्या लाईनमध्ये एक गैरसमज पक्का आहे की हा सैनिकांचा आजार, किंवा जो स्वतः मरता मरता वाचला त्याचा. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनची जी निदानाची पुस्तिका आहे त्यात हे निदान १९८० मध्ये आलं, आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत स्पष्टच लिहिलंय की कामाचा भाग म्हणून अशा भयंकर गोष्टींच्या तपशिलाला वारंवार सामोरं जाणं हेही कारण धरायचं, आणि उदाहरण दिलंय घटनास्थळी सगळ्यात आधी पोचून मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्या मदतनीसांचं. म्हणजे आपलंच. लक्षणं चार गटांत बघतात: नको असताना आठवणी आणि स्वप्नं घुसणं, त्या आठवणींशी जोडलेल्या जागा-माणसं-वस्तू टाळणं, मन आणि विचार काळवंडणं म्हणजे दोष स्वतःकडे घेणं, कशातच रस न वाटणं, आणि शरीर सतत सावध राहणं, दचकणं, चिडणं, झोप न लागणं. महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडलं तर निदानाचा विचार होतो.

याच्या बाबतीत सायरनचं मला अपेक्षित होतं, ते होतंच, इस्टर्न एक्सप्रेस हायवेने जायचं तो टाळायचा, ठाण्याला जायचं तरी एलबीएस रोडवरून. पण सगळ्यात वाईट होता वेल्क्रोचा आवाज. बीपीचा पट्टा सोडताना जो चर्र आवाज येतो तो. दिवसातून किती वेळा तो आवाज हाताखाली होत असेल, शेकडो केसेसमध्ये तोच आवाज. आणि लेकीच्या शाळेच्या बुटांना वेल्क्रो होता. रोज सकाळी ती बूट घालायची आणि हा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहायचा. बायकोला वाटायचं पोरीला शाळेत सोडायचा कंटाळा, त्यावरून भांडणंही झाली, कारण त्याला स्वतःलाच कळत नव्हतं की नेमकं काय होतंय तर तो सांगणार काय.

शेजारच्या डॉक्टरने झोपेसाठी अल्प्राझोलाम दिली होती, ती तो काही महिने घेत राहिला. मग एका रात्री बायकोने १४४१६ ला फोन लावला, टेलिमानसचा सरकारी नंबर, चोवीस तास चालतो, मराठीत बोलायला मिळालं, आणि त्यांनी सांगितल्यावर ती त्याला महापालिकेच्या हॉस्पिटलच्या सायकियाट्री ओपीडीत घेऊन गेली. मुंबईत केईएम, सायन, नायर या तिन्ही ठिकाणी ही ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, खर्च फार नाही, वेळ जातो. तिथल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली, कारण त्या प्रकारच्या गोळ्या पीटीएसडीत वापरू नयेत असंच बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात, सरट्रालीन नावाची गोळी सुरू केली आणि थेरपीला पाठवलं, ट्रॉमावर केंद्रित असलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर बोलून काम करणारी थेरपी. अचानक स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका हेही त्यांनी दहादा बजावलं, ते इथेही सांगते.

जाहिरात

निदान होऊन थोडेच दिवस झाले होते, राजीनामा दिलेला, आणि एके रात्री अडीचच्या पुढे त्याने ऑनलाईन जाहिरात टाकली. "ईएमटी फुल किट. अर्जंट. ३०००. आज रात्री घेऊन जा." फोटो एकच, सॅक उघडी, सामान अर्धवट बाहेर. आमच्याच एका पायलटने ती बघितली आणि मला सकाळी फोन केला.

फोटो मोठा करून बघितला तर मला तीन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे किंमत. त्यातला स्टेथोस्कोपच एकटा जुना म्हणून साडेचार-पाच हजाराला गेला असता, म्हणजे हा विकत नव्हता, हा टाकून देत होता. दुसरं, फोटोत दोन-तीन अँप्यूल म्हणजे इंजेक्शनच्या कुप्या दिसत होते, अॅड्रेनलीन आणि अॅट्रोपीन, आणि कॅन्युला म्हणजे शिरेत लावायची सुई-नळी. घाईच्या ड्युटीत खिशात राहिलेलं बॅगेत पडतं, सगळ्यांच्याच बॅगेत पडलेलं असतं, पण औषध विकायला लायसन लागतं, १९४० चा ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायदा आहे, आणि ते अँप्यूल त्या तीन हजारात गेले असते तर पोलिसांपर्यंत जायला वेळ लागला नसता. तिसरं, एक स्प्लिंट होता, मोडलेला हातपाय हलू नये म्हणून बांधायचा, ज्याच्यावर कंपनीचा शिक्का होता. तो त्याचा नव्हताच.

जाहिरात त्याच्या बायकोने सकाळी काढली, पण तोपर्यंत फोन सुरू झाले होते. गिऱ्हाइकं वाईट नसतात, त्यांना कल्पना नसते. का विकताय, चोरीचं तर नाही ना, बिल आहे का. एकाने विचारलं रक्तबिक्त लागलेलं नाही ना कशाला. आणि एक पोरगा, शिकणाराच असावा, म्हणाला दादा तुम्ही एवढी वर्षं केलीत तर एखादा भारी किस्सा सांगा ना. हा फोन ठेवल्यावर तो दोन दिवस बोलला नाही. ज्या माणसाच्या डोक्यात तेच सगळं न बोलावता चोवीस तास चालू आहे त्याला प्रत्येक गिऱ्हाईक तेच उघडायला लावतंय, तेही तीन हजारासाठी.

आता घरातली दोन मतं. आई म्हणत होती ठेव रे, बरा झालास की परत जाशील, एवढ्या मेहनतीने घेतलंयस. बायको म्हणत होती जे मिळेल त्याला द्या आणि घरातून घालवा. दोघींचं प्रेमच आहे, पण मला दोन्ही पटत नव्हतं. आईच्या "ठेव" मध्ये त्याला परत जायची सक्ती ऐकू येत होती, माळ्यावरची ती बॅग रोज त्याला विचारत होती की कधी येतोस. आणि बायकोच्या "घालवा" मध्ये तोच टाळण्याचा भाग होता जो आजार आधीच त्याच्याकडून करून घेत होता. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून माणूस आणखी टाळतो, आधी हायवे, मग बूट, मग बॅग, मग मित्र, मग घराबाहेर पडणं. थेरपीत याच्या बरोबर उलटं करतात, हळूहळू, सुरक्षित जागी, सोबत माणूस असताना त्या गोष्टीच्या जवळ जायचं, म्हणजे शरीराला कळतं की आवाज आला तरी आत्ता इथे काही होत नाहीये.

त्याने हे थेरपिस्टसमोर काढलं. थेरपिस्टने विका किंवा विकू नका असं काहीच सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या की काही आठवडे निर्णय लांबवता येईल का, आणि तोवर बॅग घरात नको असेल तर दुसरीकडे ठेवता येईल का. मी म्हटलं आमच्या ट्रेनिंगच्या खोलीत कपाट आहे, कुलूप लावते, चावी तुझ्याकडे. ही चावी त्याच्याकडे असण्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण सामान त्याचं आहे, कोणी हिसकावून नेलेलं नाही, हवं तेव्हा येऊन उघडू शकतो, आणि घरात झोपताना ते डोळ्यासमोर नाही. मित्राच्या घरी, गावी, कुठेही चालेल. मुंबईच्या घरात एवढी एक सोय कोणी करून दिली तरी खूप होतं.

वेगळं करणं

दोनेक महिन्यांनी तो स्वतःच म्हणाला चला बघू. दिवसा, जेवून, बायको सोबत, थेरपिस्टला आधी सांगून. टेबलावर एकेक वस्तू काढायची, हातात घ्यायची, ठरवायचं, नाही ठरलं तर परत सॅकमध्ये. पहिल्या वेळी फक्त टॉर्च, हेडलॅम्प आणि बूट झाले. बीपी त्याने बाहेरच काढला नाही आणि आम्ही कोणी काढायला लावला नाही. पुढच्या खेपेला काढला, वेल्क्रो स्वतः उघडला, घाम आला, थांबला, परत उघडला. हे थेरपीत आधी करून झालेलं होतं म्हणून इथे जमलं, कोणी वाचून घरी नुसतंच करायला जाऊ नका.

कंपनीचा स्प्लिंट परत केला आणि पोच लेखी घेतली, तारखेसकट. नंतर फायनल सेटलमेंटमध्ये "सामान जमा नाही" म्हणून पैसे कापतात, तेव्हा ही चिठ्ठीच कामाला येते. अँप्यूल आणि कॅन्युला मी आमच्याकडच्या बायोमेडिकल वेस्टमध्ये दिले, २०१६ च्या नियमांप्रमाणे टाकाऊ औषधं पिवळ्या पिशवीत आणि सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. हे घरच्या कचऱ्यात टाकू नका, पालिकेच्या सफाई कामगाराच्या हाताला लागतं, आपणच मग त्याला घेऊन कॅज्युअल्टीत जाणार.

युनिफॉर्म आणि रिफ्लेक्टरचं जॅकेट विकायचं नाही यावर मी अडून बसले. त्याच्याकडे जास्तीचा एक जोड होता, विकत घेतलेला, कायद्याने बहुधा त्याचाच. पण ते कपडे घालून कोणीही कुठल्याही हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, सोसायटीत, अपघाताच्या जागी आत शिरू शकतो, कोणी अडवत नाही. लोगो आणि नावाची पट्टी उसवून काढली, बाकीचं कापड कापून गाडी पुसायला.

विकायच्या वस्तूंबद्दल थोडं बोलते कारण घेणारे-विकणारे दोघांनाही उपयोगी आहे. स्टेथोस्कोपची नळी बघायची, अंगाच्या तेलाने आणि घामाने ती कडक होते, चिरते, याची चांगली होती, इअरटिप नव्या घातल्या, ७० टक्के आयसोप्रोपिलने पुसला. डायलवाल्या बीपीचा काटा हवा नसताना बरोबर शून्यावर हवा, याचा थोडा वर होता, प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलच्या दुकानातून दुरुस्त करून आणला, नाहीतर चुकीचं बीपी दाखवणारं यंत्र आपण पुढच्याच्या पेशंटच्या हाताला बांधतोय. ऑक्सीमीटरचे सेल काढून ठेवलेले असले पाहिजेत, आत गळून गंजतो. आणि टूर्निकेट. त्याने त्याच्यावर बऱ्याचदा प्रॅक्टिस केली होती, आणि प्रॅक्टिसला घट्ट आवळलेला टूर्निकेट खऱ्या रक्तस्रावासाठी धरायचा नाही, पट्टा ताणला जातो, दांडी कमजोर होते. म्हणून तो विकला नाही, त्यावर ठळक "फक्त ट्रेनिंग" लिहून माझ्या बॅचला दिला. बाजारात कॅटच्या नकला भरपूर आहेत आणि स्वस्तात मिळतात, त्यांची दांडी ऐनवेळी वाकते, तेव्हा जुना टूर्निकेट ऑनलाईन कोणाकडूनही विकत घेऊ नका, कितीही चांगला दिसला तरी.

किंमत मी ठरवली, गिऱ्हाइकं मी बघितली. नव्या बॅचमधल्या मुलामुलींनाच दिलं, त्यांना वस्तू कोणाची हे सांगितलं नाही, विचारलं तर "सर्व्हिस सोडली त्यांनी" एवढंच. स्टेथोस्कोपवर नाव कोरलेलं होतं, ते घासून काढायला त्याने नको म्हटलं, असू दे म्हणाला, घेणाऱ्या मुलीलाही चाललं. सगळे मिळून अकरा हजारांच्या आसपास आले. रात्री अडीचला तीन हजारात जाणार होतं. पण त्याला पैशाच्या फरकापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली, तो म्हणाला की त्या रात्री विकलं असतं तर काय काय होतं बॅगेत तेही मला सांगता आलं नसतं. कात्री आणि हेडलॅम्प त्याने ठेवले. हेडलॅम्प गावी लाईट गेली की लागतो.

डायरी

सॅकच्या आतल्या कप्प्यात एक छोटी डायरी निघाली. हिचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. ईएमटी खिशात अशी ठेवतात, बीपी, पल्स, सॅच्युरेशन, वेळ पटकन लिहायला, मग हॉस्पिटलला पेशंट सोपवताना बघून सांगायचं. याच्या डायरीत पेशंटची नावं होती, वयं, नातेवाइकांचे फोन नंबर, आणि जे वाचले नाहीत त्यांच्या पुढे त्याने एक छोटी रेघ मारून ठेवलेली. कोणाला दाखवायला नव्हती ती. त्याची स्वतःची नोंद होती.

आई म्हणाली जाळून टाक. पण ती जाळायची का ठेवायची यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. पेशंटची माहिती त्याच्या घरी असणं चुकीचंच आहे, त्या माणसांनी ती त्याला त्या क्षणी उपचारासाठी दिली होती, रद्दीत गेली, कोणाच्या हाती लागली तर त्यांचं नुकसान, म्हणजे नष्ट तर करायचीच. पण त्या रेघांचं काय, त्या त्याने एवढी वर्षं स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या. डायरी तो थेरपीला घेऊन गेला. तिथे काय झालं ते मी विचारलं नाही. नंतर एवढंच सांगितलं त्याने की बऱ्याच रेघांच्या बाबतीत गाडी पोचायच्या आधीच काही उरलं नव्हतं हे त्याने पहिल्यांदा वेळा बघून, स्वतःच्याच अक्षरातल्या वेळा बघून, मान्य केलं. त्यानंतर पानं श्रेडरमध्ये घातली. मी आता बॅचला सांगते की डायरीत नाव लिहूच नका, फक्त वय आणि आकडे, आणि शिफ्ट संपली की पान फाडून नष्ट करा.

पैसे आणि कागद

या भागात त्याचं नुकसान झालं आणि ते टाळता येण्यासारखं होतं, म्हणून सांगते. त्याचा पगार ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या २१,००० च्या मर्यादेत होता, त्याचा हप्ता दर महिन्याला कापला जात होता. ईएसआयमध्ये आजारपणाची रजा सर्टिफाय झाली तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, हे त्याला ऑफिसमध्ये कोणी सांगितलं नाही, आणि त्याने थेट राजीनामा दिला, वर नोटीस पिरियडचे पैसे कापून घेतले. राजीनामा ही शेवटची पायरी असायला हवी, आधी निदान, आधी सर्टिफिकेट, आधी रजा. ज्यांच्याकडे ईएसआय नाही आणि मेडिक्लेम आहे त्यांच्यासाठी, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं, मात्र कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, म्हणून तेही आधीच बघा.

नुकसानभरपाईचं अवघड आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) तिसऱ्या परिशिष्टात जी धंद्यामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती त्यात हातापायाला, फुफ्फुसाला, कानाला होणारं बरंच काही होतं, पण पीटीएसडी नव्हता. म्हणजे पाठ गेली तर कामामुळे गेली म्हणता येतं, झोप गेली तर स्वतःची स्वतः बघा. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलाय, पण त्याचे फायदे बहुतेक ४० टक्के सर्टिफिकेटपासून सुरू होतात, आणि याला ते नकोच होतं, त्याला बरं होऊन काम करायचं होतं.

सध्या तो एका नातेवाइकाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, दिवसाचं काम, गोळी चालू आहे, थेरपी आता पंधरा दिवसांनी. लेकीचे बूट बदलले होते, बकलवाले घेतले होते, यंदा तिने परत वेल्क्रोवाले मागितले आणि घेऊन दिले. हायवेने अजून जात नाही. आईने परत जाण्याचा विषय काढणं सोडलंय.

राहिली ती ग्रॅच्युइटी. पाच वर्षांच्या वर सलग सर्व्हिस झालेली आहे, शेवटच्या पगाराला (बेसिक अधिक डीए) २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं, साधा हिशोब आहे, आणि अर्ज दिल्यावर ३० दिवसांत द्यायची असते. अर्ज दिलाय, पोच घेतलीय, ते दिवस उलटून गेलेत आणि कंपनीकडून उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात बीकेसीच्या कामगार भवनात तक्रार द्यायला जायचंय, बायकोला सुट्टी मिळत नाहीये म्हणून मी सोबत जाणार आहे, कागद सगळे फाईलला लावून झालेत.